लेडीज कार्ट, क्लास ४७

मिशिगनमधल्या एका काउंटी फेअरचं, म्हणजे जिल्ह्याच्या शेतकी जत्रेचं, प्रीमियम बुक मार्चच्या पहिल्या आठवड्यात आलं. लोणच्यांपासून सशांपर्यंत सगळ्यांच्या स्पर्धांचे नियम त्यात असतात. जड घोड्यांच्या वाट्याला अडीच पानं. नवख्या माणसाचा पहिला गोंधळ त्या अडीच पानांतच होतो, कारण ‘ड्राफ्ट हॉर्स’ या एका मथळ्याखाली दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक हॉल्टर: घोडा नुसता दोरीला धरून आणायचा, परीक्षक त्याची ठेवण आणि चाल बघतो. दुसरी हिच: घोडा जुंपून, हाकत आणायचा. हिचमध्ये पुन्हा फाटे फुटतात. कार्ट म्हणजे दोन चाकांची गाडी आणि एक घोडा. टीम म्हणजे जोडी. युनिकॉर्न म्हणजे मागे दोन, पुढे एकटा एक. मग चार घोडे, सहा घोडे. कार्टमध्ये हाकणारा कोण यावरून मेन्स, लेडीज आणि यूथ. माझ्या फॉर्मवर खूण झाली ती क्लास ४७, लेडीज कार्ट, यावर.

घोडा आमचा नाही. ओहायोत आम्ही राहतो त्याच रस्त्यावर एका शेतकरी कुटुंबाकडे क्लाइड्सडेल जातीचे पाच जड घोडे आहेत. त्यातला ड्यूक त्यांनी या एका क्लाससाठी दिला. नऊ वर्षांचा, खच्ची केलेला, कुमाईत रंग, काळी आयाळ, चारही पाय पांढरे आणि कपाळापासून नाकापर्यंत पांढरा पट्टा. आपल्याकडे याला पंचकल्याणी म्हणतात. उंची १७ हँड २ इंच. एक हँड म्हणजे ४ इंच, म्हणजे आयाळ संपते तिथपर्यंत ७० इंच, साधारण १७८ सेंटिमीटर. वजन ८०० किलोच्या पुढे.

क्लाइड्सडेल म्हटलं की बिअरच्या जाहिरातीतले आठ घोडे आठवतात. एप्रिल १९३३ मध्ये अमेरिकेतली बिअरवरची बंदी उठली तेव्हा अनहायझर-बुश या बिअर कंपनीने क्लाइड्सडेल रस्त्यावर आणले. पण ही जात स्कॉटलंडमधल्या क्लाइड नदीच्या खोऱ्यातली, शेतीच्या आणि ओझ्याच्या कामाची. फेअरच्या रिंगणात येणारे बहुतेकजण अजूनही शेतकरीच असतात. तुम्ही या भागात राहत असाल आणि असे घोडे कुणाच्या कुरणात दिसत असतील, तर फाटकाशी थांबून विचारा. शेण काढायला हात लागत असेल तर नाही कोणीच म्हणत नाही. घोडा मिळण्याची माझी वाट तीच.

कागदांपासून सुरुवात करते, कारण तारखा तिथेच चुकतात.

एंट्री १ जुलैपर्यंत. नंतर दुप्पट फी. क्लासची फी १५ डॉलर, तबेल्यातल्या खणाचे ३०. फॉर्मवर ‘ओनर’ आणि ‘एक्झिबिटर’ असे दोन वेगळे रकाने आहेत आणि घोड्याचा नोंदणी क्रमांक मालकाच्या नावाशी जुळावा लागतो. मी दोन्हीकडे माझंच नाव लिहिलं होतं. दहा दिवसांनी फॉर्म परत आला. दुरुस्त केलेल्या फॉर्मवर मालकांची सही, माझी सही, आणि घोड्याने काही केलं तर फेअर जबाबदार नाही अशा कागदावर आणखी एकेक सही. सोबत डब्ल्यू-९ हा कराचा फॉर्म. बक्षिसाचा चेक काढायचा तर तो लागतो, मग बक्षीस २० डॉलरचं का असेना. हे सगळं एका लिफाफ्यात नसेल तर एंट्री ‘अपूर्ण’ या ढिगात जाते.

जनावरांच्या डॉक्टरांचे कागद दोन, आणि त्यांची मुदत वेगवेगळी. पहिला कॉगिन्स, म्हणजे एका रक्तचाचणीचा. इक्वाइन इन्फेक्शियस अॅनिमिया हा विषाणूचा रोग घोडमाश्या एका घोड्यावरून दुसऱ्यावर नेतात. त्यावर लस नाही, औषध नाही. रक्ताची चाचणी पॉझिटिव्ह आली तर घोड्याला मारतात किंवा जन्मभर इतरांपासून २०० यार्ड लांब ठेवतात. म्हणून निगेटिव्ह चाचणीचा कागद असल्याशिवाय कुठलंही फाटक उघडत नाही. आमच्या फेअरला तो १२ महिन्यांच्या आतला चालत होता. २० मे रोजी रक्त काढलं, २४ तारखेला निकाल आला. येण्याजाण्यासकट ९५ डॉलर. दुसरा कागद राज्याची हद्द ओलांडण्यासाठीचं आरोग्य प्रमाणपत्र. त्याची मुदत फक्त ३० दिवस. उत्साहाने जूनमध्येच काढून ठेवलंत तर ऑगस्टमध्ये पुन्हा पैसे भरा. फेअर १२ ऑगस्टला सुरू होणार होतं. डॉक्टर २२ जुलैला येऊन नाडी, ताप, डोळे, पाय बघून गेले. ६० डॉलर. रेबीज, धनुर्वात, वेस्ट नाइल आणि मेंदूज्वराच्या लसी वसंतात झालेल्याच होत्या. शिवाय फ्लूची लस सहा महिन्यांच्या आतली हवी, असं प्रीमियम बुकातल्या बारीक अक्षरांत होतं. मूळ कागद गाडीत आणि फोटो फोनमध्ये, दोन्ही ठेवा. तबेल्याच्या दारावरचा माणूस मूळ कागदच मागतो.

एप्रिलपासून आठवड्यात तीन संध्याकाळी सराव. शिकायचं मला होतं, ड्यूकला नाही. पहिले तीन आठवडे गाडी नाहीच. घोड्यावर साज चढवून, लांब वाद्या हातात घेऊन त्याच्या मागे चालत हाकायचं. या वाद्यांना इथे लाइन्स म्हणतात, आणि त्यांना ‘रेन्स’ म्हणालात की तुम्ही बाहेरचे हे लगेच कळतं. मग जमिनीवरून घसटत जाणारी जाड फळ्यांची स्टोन बोट. मे संपता संपता गाडी. ‘जी’ म्हणजे उजवीकडे, ‘हॉ’ म्हणजे डावीकडे. नवख्यांची ठरलेली चूक म्हणजे वळताना फक्त आतली वाद, म्हणजे आतल्या बाजूची वादी, ओढणं. घोडा मान वळवतो आणि अंग सरळच नेतो, कारण बाहेरच्या वादेने त्याला धरून ठेवलेलं असतं. बाहेरची दोन इंच सोडली की आतली ओढावीच लागत नाही.

मालकांनी सगळ्यात आधी शिकवलं ते वाद शेपटीखाली गेली तर काय करायचं. घोडा शेपूट घट्ट दाबतो, वाद अडकते, आपण घाबरून ओढतो, तो आणखी दाबतो, आणि मग लाथा. ओढायचं नाही. त्या बाजूची वाद पूर्ण ढिली सोडायची, दुसरीने हळूच वळवत आवाजाने थांबवायचं, आणि तो शेपूट सैल करील तेव्हा माणसाने बाजूने जाऊन वाद काढायची. मागून नाही. या घोड्यांच्या शेपट्या आखूड का, हे या एका प्रसंगात कळतं. पूर्वी शेपटीचं हाडच कापत. ब्रिटनने १९४९ मध्ये त्यावर कायद्याने बंदी घातली. अमेरिकेत ते राज्याराज्यावर आहे. ड्यूकचं हाड शाबूत आहे, फक्त केस कापून वर अंबाडा बांधतात.

आता साज. आमचा सगळा उसना होता. नवा शो-हार्नेस काही हजार डॉलरचा असतो, आणि ओहायोत तो शिवणारे बरेचसे कारागीर आमिश, म्हणजे आधुनिक सोयी टाळणाऱ्या ख्रिस्ती पंथाचे, आहेत; फोनवर सापडत नाहीत, दुकानात जावं लागतं. उसन्या साजात एकच गोष्ट उसनी चालत नाही ती म्हणजे कॉलर, मानेभोवतीचा तो भरीव पट्टा. सगळं ओझं घोडा त्यावर घेतो. ड्यूकला २६ इंची लागते, पण घोडा हिवाळ्यात अंगाने भरतो, उन्हाळ्यात उतरतो, म्हणून दर वर्षी बघायची. घोडा डोकं नेहमीच्या उंचीवर धरून उभा असताना कॉलरच्या तळाशी, श्वासनलिकेपुढे, सपाट हात सहज जावा. बाजूंना बोट जावं, पण सैल नको. लांब झाली तर ओढ खांद्याच्या टोकावर येते आणि तिथे कातडी सोलते. आखूड झाली तर चढावर घोडा घोरतो आणि खोकतो. ओढ लागण्याची जागा, म्हणजे हेम्स या धातूच्या काड्यांना जिथे पट्टे जोडतात ती, कॉलरच्या तळापासून साधारण एक तृतीयांश उंचीवर हवी. शोची स्कॉच कॉलर वर टोकदार, उंच असते, आणि तिच्या दिमाखाकडे बघत बसलं की तळाकडचं माप बघायचं राहून जातं.

मूळची मी सांगलीकडची. बेंदराला शिंगं रंगवतात, बेगड चिकटवतात, गोंडे, झूल, घुंगुरमाळा, सगळं चढतं, पण त्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. इथे नेमकं उलटं. नटवायचं आणि नटवलेल्यालाच जुंपायचं. त्यामुळे नटवणीतलं काहीही कामाच्या आड आलं तर परीक्षक ते दोष म्हणूनच धरतो. फूल कॉलरला घासतंय, फीत झापडात जातेय, झापड डोळ्याला टेकतंय, शेपटीचा अंबाडा सैल होऊन वादेवर पडतोय. हे सगळं रिंगणात, दुडक्या चालीत दिसतं.

नाल २९ जुलैला मारून घेतले. फेअरच्या आदल्या दिवशी नालबंद बोलावू नका. खिळा जरा जवळून गेला तर घोडा दोन-तीन दिवसांनी लंगडतो. तेवढी फुरसत मध्ये हवी. पण तीन आठवडे आधीही नको, कडा झिजतात. दहा-पंधरा दिवस बरोबर. शोचे नाल रुंद असतात आणि बाहेरची कड उतरती घडवलेली असते. त्यामुळे खूर मोठा दिसतो आणि घोडा पाय उचलून टाकतो. त्यांना स्कॉच बॉटम म्हणतात. घोडा लोखंडी चौकटीत बांधून चार नालांना अडीच तास आणि २४० डॉलर लागले. चौकटीतून निघाल्यावर लगेच डांबरी रस्त्यावर चालवून बघा.

पायाचे पांढरे लांब केस, फेदर, हे वेगळंच प्रकरण. त्याखालच्या ओल्या कातडीत बारीक किडे होतात, घोडा पाय आपटतो, खुराच्या मागच्या खोबणीत खपल्या धरतात. हे जूनमध्येच डॉक्टरांकडून निस्तरून घ्यायचं, कारण खपलीवर शाम्पू लावला की रक्त येतं. धुण्याची रीत अशी: आधी कोमट पाणी आणि भांडी घासायचा साबण, तेलकटपणा जाण्यासाठी. मग पांढऱ्या केसांचा निळा शाम्पू, पाच मिनिटांपेक्षा जास्त नाही, नाहीतर जांभळी झाक राहते. मग पाणी निवळ येईपर्यंत खळबळून. साबण राहिला तर खाज सुटते. टॉवेलने टिपायचं. आणि मग ओल्या केसांत पांढऱ्या लाकडाचा बारीक भुसा चोळायचा. भुसा पाणी पितो, वाळला की ब्रशने झाडायचा, केस पिसासारखे उभे राहतात.

भुशाबद्दल थोडं थांबून सांगते. आमच्या भागात आमिश सुतारांची दुकानं आहेत आणि भुसा फुकट मिळतो. घेऊ नका. त्यात काळ्या अक्रोडाचा, म्हणजे ब्लॅक वॉलनटचा, भुसा मिसळलेला असू शकतो. तसा भुसा खाली पसरला तर चोवीस तासांच्या आत पाय सुजतात, खूर तापतात, घोडा पाय टाकेनासा होतो. लॅमिनायटिस, म्हणजे खुराच्या आतली सूज. तबेल्यात पसरायला आणि पायाला चोळायला, दोन्हीसाठी भट्टीत वाळवलेल्या पाइनच्या बंद पिशव्याच घ्या. सहा पिशव्यांना ४२ डॉलर पडले.

साज पुसायला दोन संध्याकाळी गेल्या. काळं चामडं ग्लिसरीन साबणाने, चकचकीत पेटंट लेदर फक्त मऊ ओल्या फडक्याने. पितळेचं पॉलिश शिवणीत जाऊन पांढरं वाळतं आणि काळ्या चामड्यावर लांबून दिसतं. ते काढायला दातकोरणं. एकेक बकल सोडून पट्ट्याच्या घडीत बघायचं. चामडं चिरतं ते नेहमी घडीत. आमच्या पोटपट्ट्याची घडी चिरलेली निघाली, ३५ डॉलरला नवा शिवून आणला. ही चीर रिंगणात निघाली असती तर घोड्याच्या दोन्ही बाजूंच्या गाडीच्या दांड्या वर उडाल्या असत्या.

१३ ऑगस्टला निघालो, आमचा क्लास १४ तारखेला सकाळी ९ वाजता. ट्रेलरमध्ये घरच्या विहिरीचं पाणी १५ गॅलन घेतलं होतं. बरेच घोडे परक्या पाण्याला तोंड लावत नाहीत, आणि ऑगस्टच्या उन्हात न प्यालेल्या घोड्याचं पोट दुखायला वेळ लागत नाही. पहिल्या बादल्या घरच्या, मग अर्धं-अर्धं, मग तिथलं.

१४ तारखेला पावणेचारला उठलो. चारा-पाणी, शेण, खरारा, मग पाय पुन्हा एकदा धुऊन भुसा. साडेपाचला आयाळ. आदल्या दिवशी आयाळीला शाम्पू लावायचा नाही; केस निसटतात, वेणी बसत नाही. नुसती ओली करून विंचरायची. लोकरीच्या दोन रंगांचे, बोटाएवढे जाड पिळे करून ठेवलेले असतात. रंग त्या घरचा ठरलेला असतो, आमच्या मालकांचा पांढरा आणि गडद हिरवा. कानांच्या मागे, लगामाचा पट्टा बसतो ती जागा सोडून सुरुवात. केसांची एक बट आणि लोकरीचे दोन पिळे, तीन पेडी. प्रत्येक फेऱ्यात आयाळीच्या मुळाशी पुढची बट उचलून मिळवायची, अंगठ्याएवढीच, कमीजास्त नाही. हात सतत वर, मानेच्या कण्यापेक्षा उंच. हात खाली आला की गुंडाळी एका बाजूला कलते आणि दहाव्या मिनिटाला मानेवरून ओघळते. माझी दोनदा ओघळली. तिसऱ्यांदा मालकीणबाईंनी माझ्या पायाखाली बादलीऐवजी शिडी ठेवली, तेव्हा बसली. बादलीवर उभं राहून हात लांब करायला लागतो आणि लांबलेला हात आपोआप खाली येतो, इतकं ते साधं आहे. शेवट कॉलर बसते त्याच्या चार बोटं अलीकडे. गुंडाळी कॉलरखाली गेली तर दर पावलाला केस ओढले जातात आणि घोडा डोकं झटकत राहतो. मग तारेवरची फुलं सारख्या अंतरावर खोचून लोकरीने आवळायची, तारेचं टोक वर वळवून. सगळ्याला पन्नास मिनिटं.

शेपटीचा अंबाडा, खुरांना काळं, नाकपुड्या आणि डोळ्यांच्या कडा ओल्या कापडाने. मग साज: आधी कॉलर, मग हेम्स, मग पाठीवरची सॅडल आणि तिचा तंग, मग ब्रीचिंग म्हणजे मांड्यांमागून जाणारा पट्टा, ज्याने घोडा गाडी थोपवतो आणि मागे ढकलतो. लगाम आणि झापडं सगळ्यात शेवटी. हेम्सचा वरचा आणि खालचा पट्टा एकदा आवळून, घोड्याला पंधरा पावलं चालवून पुन्हा आवळायचा, कारण कॉलर बसली की ते सैल होतात.

जुंपताना एक माणूस समोर, डोक्याशी, आणि तो गप्पा मारत नाही. आमच्याकडे ते काम नवऱ्याकडे. वाद्या आधी कड्यांतून ओवून सॅडलवर ठेवायच्या. गाडी घोड्याकडे आणायची, घोडा गाडीकडे मागे ढकलायचा नाही. दांड्या सॅडलला लटकणाऱ्या पट्ट्यांच्या घरांत, मग ओढीचे पट्टे, मग ब्रीचिंगचे, मग पोटपट्टा. सोडताना उलट, ओढीचे पट्टे शेवटी. आणि घोडा गाडीला असताना लगाम कधीही, कुठल्याही कारणाने काढायचा नाही. झापडं निघाली की त्याला मागची गाडी अचानक दिसते आणि तो तिच्यापासून पळायला लागतो, ती मागे येतच राहते.

बसल्यावर दांड्यांचा तोल बघा. घरांमध्ये त्या तरंगल्यासारख्या हव्यात, बोटाने उचलल्या जातील अशा. पाठीवर रेलत असतील तर सीट मागे. वर उचलत असतील आणि पोटपट्टा ताणला असेल तर सीट पुढे. सरावात माझं वजन धरून ठरवलेली जागा शोच्या दिवशी एक खाच सरकवावी लागली, कारण मांडीवरचा जाड एप्रन आणि बूट.

पोशाखाचं कोडं मला सगळ्यात जास्त दिवस छळत होतं. लेडीज कार्टला अंगभर ड्रेस किंवा लांब स्कर्ट, हॅट, हातमोजे आणि मांडीवर एप्रन अशी रीत आहे. साडी चालेल का, असं मी फोन करून विचारलं. नियमात बंदी नाही, एवढंच उत्तर मिळालं. घरी नेसून गाडीवर चढून बघितलं तर पदर चाकाच्या बाजूला गेला. विषय संपला. लांब गडद निळा स्कर्ट, एप्रन मालकीणबाईंचा, हॅट जुन्या कपड्यांच्या दुकानातून ८ डॉलरला. हॅट दोन पिनांनी केसांत खोचा. उडालेली हॅट मागच्या घोड्याच्या पायात जाते. मोजे चामड्याचेच हवेत. कापडी मोज्यांतून घामट वाद निसटते. डोक्याशी उभ्या राहणाऱ्यालाही पांढरा शर्ट आणि टाय लागतो, हे आम्हाला आदल्या रात्री कळलं. टाय शेजारच्या खणातून मिळाला.

फाटकातून दुडकत आत. सहा गाड्या होत्या. परीक्षक मध्यभागी. कुंपणाला लागून, कोपरे पूर्ण भरत जायचं. कोपरा कापला की पुढच्याच्या चाकाजवळ पोचतो आणि मग वाद ओढावी लागते, आणि ओढलेलं तोंड परीक्षकाला दिसतं. पुढची गाडी हळू असेल तर आतल्या बाजूने, लांबून पुढे जायचं. दोन फेऱ्यांनंतर चाल, म्हणजे न धावता चालणं. चालीत बहुतेकांचे गुण जातात: नुकत्याच धावलेल्या घोड्याला शांत, लांब पावलं टाकायला लावणं अवघड, तो नाचतो. ड्यूक नाचला नाही, तो उलट झोपल्यासारखा चालला आणि पुढच्या गाडीपासूनचं आमचं अंतर वाढलं. मग तिरकं ओलांडून दिशा बदलायची, पुन्हा दुडकी, पुन्हा चाल, आणि मध्ये रांग. इथे डोक्याशी उभा राहणारा धावत येतो आणि घोड्यापुढे दोन पावलांवर थांबतो. हात लावत नाही, गरज पडली तरच.

परीक्षक प्रत्येकाला मागे न्यायला सांगतो. चार पावलं मागे, पुन्हा जागेवर. ओढून नाही, वाद धरायची, ‘बॅक’ म्हणायचं, एक पाऊल आलं की सैल करायची, पुन्हा धरायची. तिसऱ्या पावलाला ड्यूकचा मागचा भाग डावीकडे गेला, दांडी वाकडी झाली, आणि मी सरळ करायच्या नादात उजवी वाद ओढली. ड्यूकचं तोंड उघडलं. परीक्षकांनी टिपून घेतलं ते दिसलंच. जाताना ते गाडीपाशी थांबले, कॉलरच्या तळाशी हात घालून पाहिला, ब्रीचिंगच्या पट्ट्याकडे बोट दाखवून म्हणाले की एक भोक आवळा, पट्टा सैल असला की घोडा मागे रेटताना सरळ राहत नाही. घरी मी तेच भोक सोडून सैल केलं होतं, त्याला मोकळं वाटावं म्हणून.

सहांत चौथा नंबर. पांढरी रिबन.

सोडल्यावर कॉलर काढून खांद्यांवर हात फिरवा. केस उलटे फिरलेले किंवा कोरडा चट्टा दिसला तर तिथे दाब पडला. घामाने सगळीकडे सारखं ओलं असेल तर कॉलर बरोबर. मग साध्या पाण्याने खांदे आणि सॅडलची जागा धुवायची. आयाळीची लोकर त्याच दिवशी सोडा, रात्रभर ठेवलीत तर घोडा खांबाला मान घासून केस तोडतो. कात्री लोकरीखाली घालायची, केसांवर नाही. आधी फुलं काढायची, मग शेवटच्या टोकापासून कानांकडे सोडत यायचं. आयाळ आठवडाभर लाटांसारखी राहते.

बक्षिसाचा चेक पाच आठवड्यांनी आला, २५ डॉलर. डिझेलच १७० चं झालं होतं. कॉगिन्सचा कागद मेपर्यंत चालेल, तो फाइलीत पुढे ठेवला आहे, आणि ब्रीचिंगच्या त्या भोकाजवळ पांढऱ्या दोऱ्याचा एक टाका घातला आहे.